एकविसावी भाषा

शशिधर आगाशे याने आयुष्यात किती ड्रॉप-डाऊन भरले याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता, आणि ठेवला असता तरी तो सांगून कोणावर छाप पडली नसती. वेबपानावर एक चौकोन असतो. चौकोनाच्या उजव्या टोकाला खाली तोंड केलेला एक बारकासा त्रिकोण असतो. तो दाबला की यादी उघडते आणि माणसाने त्यातलं एक काहीतरी निवडायचं असतं. ही यादी येते कुठून, हा प्रश्न निवडणाऱ्याला कधी पडत नाही. शशिधरला गेल्या सात वर्षांत दुसरा प्रश्न पडलेला नव्हता.

सात वर्षांपैकी पाच पुण्यात गेली आणि शेवटची दोन मँचेस्टरमध्ये, एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या तळघरात. कंपनीने त्याला वर्क परमिटवर पाठवलं तेव्हा सासुरवाडीत 'जावई इंग्लंडात हॉस्पिटलात आहेत' अशी बातमी पसरली होती, आणि ती खोडून काढायला त्याने फारशी घाई केली नव्हती. प्रत्यक्षात तो जावा नावाच्या भाषेत फॉर्म बनवत होता. वय त्रेचाळीस. कंबर दुखायची.

हॉस्पिटलच्या जुन्या प्रणालीत बेचाळीस पानं होती आणि प्रत्येक पानात रुग्णाच्या भाषेची यादी कोणीतरी हाताने टाईप केलेली होती. एका पानावर पंजाबी दोनदा होती, दुसऱ्यावर नव्हतीच, तिसऱ्यावर भाषांमध्ये 'इस्राएल' होतं. शशिधरने येऊन डेटाबेसमध्ये एक टेबल केलं, भाषा त्यात घातल्या आणि बेचाळीस पानांना बजावलं, की यादी हवी असेल तर इथून घ्यायची. पहिल्या आठवड्यात दर पान दर वेळी डेटाबेसकडे जाऊन तीच यादी नव्याने मागू लागलं. पान उघडायला अकरा सेकंद लागू लागले, नर्सेस तेवढ्यात चहा करून आणू लागल्या. मग त्याने सोय केली, की सर्व्हर सुरू होताना यादी एकदाच वाचायची आणि पाठ करून ठेवायची. नंतर कोणी विचारलं की पाठ केलेलं म्हणून दाखवायचं. पान चटकन उघडू लागलं. त्याचा मॅनेजर कीथ याने 'नॉट बॅड' म्हटलं. उत्तर इंग्लंडात एवढं म्हणतात तेव्हा आपण घरी पेढे वाटायचे असतात.

कीथच्या दोन अटी होत्या. एक म्हणजे यादीत 'इतर' नको, कारण 'इतर' ठेवलं की लोक दुसरं काही निवडतच नाहीत आणि आकडेवारीचं वाटोळं होतं. दुसरी, यादी वीस ओळींचीच हवी, कारण वॉर्डातल्या स्क्रीनवर त्याहून जास्त मावत नाही. एकोणीस भाषा वरून ठरून आल्या. विसावी कोणती, असं शशिधरने विचारलं तेव्हा कीथ म्हणाला, "तू भारतातला आहेस. तुम्हा लोकांना पुष्कळ भाषा माहीत असतात. टाक एक."

शशिधरने कीबोर्डवर 'म' च्या जागी बोट नेलं आणि मागे घेतलं.

हे मागे घेणं नीट समजून घ्यायला हवं. दुसऱ्या कोणत्याही प्रांतातल्या माणसाने तिथे आपली भाषा घातली असती आणि संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं असतं. शशिधर मराठी होता. त्याला वाटलं, यादी आपल्या हातात आहे म्हणून लगेच आपलीच भाषा पुढे करायची, हे बरं दिसत नाही. कोणी विचारलं तर काय सांगणार? शिवाय आपली माणसं इंग्रजी बोलतात. न बोलणारी हिंदीत निभावून नेतात. न निभावणारी गप्प बसतात, आणि गप्प बसायला दुभाष्या लागत नाही. म्हणून त्याने विसाव्या जागी शेजारच्या वेल्स प्रांतातली वेल्श घातली. वेल्शला कोणी पक्षपात म्हणणार नव्हतं. पुढच्या अठरा महिन्यांत वेल्श दोनदा निवडली गेली, दोन्ही वेळा माऊस घसरल्यामुळे.

२००५ च्या नोव्हेंबरात, एका सोमवारी दुपारी, त्याला सियाचा फोन आला.

सिया म्हणजे मधुमतीकाकूंची नात, आणि मधुमतीकाकू म्हणजे शशिधरच्या घरमालकीण. स्ट्रेटफर्डला ट्रॅमच्या स्टॉपपासून सात मिनिटांवर त्यांचं लाल विटांचं घर होतं, आणि वरच्या मागच्या खोलीत शशिधर राहत होता. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सांगलीहून सहासष्ट साली नवऱ्यामागून आल्या, तेव्हा एक वाक्य इंग्रजी येत नव्हतं. मग एका कापडाच्या दुकानात काउंटरवर बावीस वर्षं उभं राहून अशी इंग्रजी शिकल्या, की गिऱ्हाईक पडद्याचं माप चुकीचं घेऊन आलं तर त्याची आजी कोण हे विचारून त्याला परत पाठवीत. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना मेंदूचा झटका आला, तेव्हापासून त्या शशिधरच्याच हॉस्पिटलात होत्या. झटका छोटा होता. उजवा हात जरा जड झाला, चाल मंद झाली आणि इंग्रजी गेली. एकोणचाळीस वर्षांची इंग्रजी, एका सकाळीत, चहाच्या कपासकट. मराठी मात्र जागच्या जागी होती, थोडी सावकाश, पण धारेला कमी नाही.

"काका, तुम्ही हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्येच काम करता ना?" सिया इथेच युनिव्हर्सिटीत शिकत होती. तिचं मराठी आजीकडून ऐकलेलं आणि वाटेत कुठेकुठे सांडलेलं होतं.

"हो. का गं?"

"मग त्याला प्रॉब्लेम काय आहे? फ्रायडेला आजीचा असेसमेंट आहे, दुसरा. थेरपिस्ट म्हणते इंटरप्रिटर बुक करायला लँग्वेज सिलेक्ट करावा लागतो. मी म्हटलं मराठी. ती खाली जाते, वर जाते, नाहीच आहे तिथे. शी वॉज रिअली नाइस अबाउट इट. म्हणते, हिंदी इज क्लोज, इझन्ट इट?"

तळघरात रेडिएटर खडखडत होता.

"लास्ट टाइम पण तेच झाला," सिया म्हणाली. "एक मुलगा आला हिंदीवाला, लेस्टरचा. त्याची हिंदी सगळी पिक्चरमधली. त्याने विचारलं, आप इस वक्त कहाँ हैं. आजी म्हणाली, कुठे असणार, तुमच्या हॉस्पिटलात, आणि बाहेर पाऊस लागलाय, दोरीवरचे कपडे कोणी काढले का. त्या मुलाला काही कळला नाही. त्याने लिहिलं, आन्सर्स नॉट रेलेव्हंट."

"आणि मग?"

"मग रिपोर्टमध्ये आलं कन्फ्यूज्ड. नॉट सेफ टू लिव्ह अलोन. फ्रायडेला तसंच झालं तर त्याच दुपारी मीटिंग आहे, आणि आजी केअर होममध्ये. डॅडने तिकडे लंडनला, पिनरमध्ये बघून पण ठेवलंय. म्हणतो गार्डन छान आहे." तिचा आवाज बारीक झाला. "तिथे मराठी कोणाला येतच नाही, काका. ती तिथे खरंच कन्फ्यूज होईल."

"तू करशील की भाषांतर. नाहीतर मी येतो."

"फॅमिली अलाउड नाही. आणि तुमचं विचारलं मी. तुम्ही लॉजर आहात ना. म्हणे, ती घरी आली तर तुमचा फायदा आहे."

एकाच वेळी फायदा आणि शरम अशी गोष्ट शशिधरने पहिल्यांदाच अनुभवली. "ही यादी करतो कोण?" असं सियाने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. 'एक टीम असते' असं सांगितलं असतं.

"बघतो," तो म्हणाला. "बुकिंग कधीपर्यंत व्हायला हवं?"

"फॉर्टी-एट अवर्स आधी. असेसमेंट दोनला आहे. म्हणजे वेन्सडे दोन वाजेपर्यंत."

एक ओळ घालायची होती. डेटाबेसमध्ये एक ओळ घालायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात शिंकही पुरी होत नाही. पण नुसती ओळ घालून काय होणार? सर्व्हरने जुनी यादी पाठ करून ठेवलेली. तो परत सुरू होईपर्यंत वीसच भाषा म्हणून दाखवणार, आणि अशी पाठांतराची शिस्त त्याला लावली कोणी, तर शशिधरने. सर्व्हर बंद करून सुरू करायचा तर बदल-मंडळाची परवानगी लागते. मंडळ मंगळवारी बसतं, आणि मंजूर झालेली कामं रविवारी सकाळी सहाला होतात. शुक्रवारनंतरच्या रविवारी. रविवारी सकाळी काकूंचं सामान पिनरच्या गाडीत असणार.

तातडीच्या बदलाला वेगळा फॉर्म होता. तोही शशिधरनेच केलेला. त्यात 'बदलाचं कारण' अशी यादी होती: कायद्याची गरज, वरिष्ठांची मागणी, नियोजित सुधारणा, दोष. 'इतर' नव्हतं. ते काढताना शशिधरला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. तातडीने व्हायचं ते फक्त दोषाचं काम. त्याने 'दोष' निवडलं, तशी खाली दुसरी यादी उघडली: 'दोष कोणामुळे'. कर्मचाऱ्यांची नावं आडनावांच्या क्रमाने टेबलातून येत होती. आगाशे पहिलं होतं.

तो बराच वेळ त्या नावाकडे बघत बसला. डिसेंबरात त्याच्या कराराची फेरतपासणी होती, आणि परमिट कराराला बांधलेलं होतं. खाली ऐंशी नावं होती. त्यातला एक नोकरी सोडून न्यूझीलंडला गेला होता, त्याचं नाव अजून काढलेलं नव्हतं. त्याला तिकडे काही कळलंही नसतं. शशिधरने दोनदा त्याच्यापर्यंत माऊस नेला. मग वर आला आणि आगाशे निवडलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. न्यूझीलंडवाल्याचं नाव घातलं तर कीथ चार प्रश्न विचारेल, आणि चार उत्तरं रचण्याची त्याच्यात ताकद उरली नव्हती.

मंगळवारी मंडळात पाच माणसं, एक किटली आणि बिस्किटांची बशी होती. कीथ फॉर्म वाचून म्हणाला, "शॅश, तू लिहितोस की भाषा राहिली. राहिली म्हणजे तुला माहीत नव्हती?"

"माहीत होती. माझीच आहे."

सगळ्यांनी एकदम बिस्किटांकडे पाहिलं. इंग्रज माणसं दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत पडत नाहीत, आणि ही त्यांना एकदम खासगी वाटू लागली.

"मग घातली का नाहीस?"

"उद्धट दिसलं असतं," शशिधर म्हणाला. इंग्रजीत हे वाक्य मराठीत होतं त्याहून बरं गेलं. दोघांनी समजून मान हलवली.

"पण वीसच मावतात," कीथ म्हणाला. "एक काढावी लागेल."

"वेल्श काढता येईल. ती कोणी वापरत नाही."

आकड्यांच्या दृष्टीने हे निर्विवाद होतं. मंडळातल्या बाईंचं आडनाव प्रिचर्ड होतं, आणि त्या दर शुक्रवारी वेल्समध्ये आईकडे जात, हे त्याला त्यांनी बिस्कीट बशीत परत ठेवलं तेव्हा आठवलं.

"वीसच का मावतात?" प्रिचर्डबाईंनी थंडपणे विचारलं.

कोणाला माहीत नव्हतं. एकाला वॉर्डात पाठवलं. तो दहा मिनिटांनी येऊन म्हणाला, की स्क्रीनवर यादीच्या खाली आणखी तीसएक ओळींची मोकळी जागा आहे. वीस ओळी मावत त्या जुन्या स्क्रीनवर. तो स्क्रीन दोन हजार एक सालीच फेकून दिला. कीथने हे टिपून घेतलं. वेल्श राहिली, मराठी एकविसावी ठरली. बुधवारी दुपारी एक ते सव्वा, अशी वेळ मंजूर झाली. बाहेर पडताना कीथ हळूच म्हणाला, "तुझं नाव फॉर्मवर आहे, ते डिसेंबरात समोर येणार, एवढं तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"बरं," कीथ म्हणाला. "हवा गार पडलीय."

बुधवारी सकाळी शशिधरने टेबलात मराठीची ओळ घातली. मग यादी मागवून पाहिली. मँडरिनच्या खाली, पोलिशच्या वर, मराठी. त्याने नको तितक्या वेळा ती मागवून पाहिली. दरवेळी ती तिथेच होती. एक वाजता कीथच्या समोर त्याने सर्व्हर बंद केला, वॉर्डावॉर्डातून कुरकुर उठली, एक वाजून चार मिनिटांनी सर्व्हर सुरू झाला. वरून सियाचा मेसेज आला. ती थेरपिस्टच्या शेजारीच उभी होती. 'काका अजून नाही आहे.'

त्याने स्वतः फॉर्म उघडला. मँडरिन. पोलिश.

टेबलात पाहिलं. मँडरिन, मराठी, पोलिश.

पानावर पाहिलं. मँडरिन, पोलिश.

शशिधरच्या पाठीवरून घामाचा ओघळ खाली गेला, आणि त्याच्याबरोबर अक्कल परत आली. या डेटाबेसला नुसती ओळ सांगून भागत नाही. 'आता हे कायम कर' असं वेगळं बजावावं लागतं. तोवर ती ओळ फक्त लिहिणाऱ्याला दिसते, बाकी जगाच्या लेखी ती नसते. हे त्याने पुण्यात नव्या भरतीच्या पोरांना पाच वर्षं शिकवलं होतं. जो विसरेल त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा, असा नियमही त्यानेच केला होता. सकाळपासून तो एकटाच आपल्या भाषेकडे बघून समाधान पावत होता.

त्याने कायम केलं. एक वाजून सात मिनिटं झाली होती.

"काय झालं?" कीथने विचारलं.

"माझी चूक. आणखी एकदा सुरू करावा लागेल."

"परवानगी एकदाची आहे."

शशिधरने खुर्ची मागे सरकवली. त्याला अचानक इतकं थकल्यासारखं वाटलं, की टेबलावर डोकं ठेवून डिसेंबरपर्यंत झोपावं. "कीथ," तो म्हणाला, "माझ्या घरमालकीण वर सहाव्या वॉर्डात आहेत. त्यांना वेड लागलेलं नाही. त्यांना मराठी येते, एवढंच झालंय. दोन वाजेपर्यंत ही ओळ दिसली नाही, तर शुक्रवारी त्यांना घरातून काढतील."

कीथने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने मंजुरीचा कागद डोळ्यांजवळ धरून दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती, तीही वाचली.

"यात लिहिलंय, एक ते सव्वा," तो म्हणाला. "किती वेळा ते लिहिलेलं नाही. ढिसाळ फॉर्म आहे. कोणी केलाय?"

"मी."

"वाटलंच. एक वाजून नऊ झाले, शॅश."

एक वाजून तेरा मिनिटांनी सर्व्हर दुसऱ्यांदा उभा राहिला. वॉर्डांमधून या खेपेला जे शब्द आले, ते कोणत्याही यादीत घालण्यासारखे नव्हते. एक वाजून सोळाला सियाचा मेसेज आला: 'आला!!!' मराठी कोणत्या लिंगाची आहे हे तिला कधीच नक्की ठरवता आलेलं नव्हतं, आणि आज शशिधरला ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

शुक्रवारी दुपारी तो आणि सिया वॉर्डाच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. थेट लंडनच्या वेम्बलीहून कोणी पाठवतील, वेळेवर पोचेल की नाही, अशी त्यांना धास्ती होती. आले ते स्टॉकपोर्टहून, ट्रेनने बारा मिनिटांत. मुरलीधर गद्रे, निवृत्त केमिस्ट, वय सत्तरच्या आसपास, टाय लावलेला, गळ्यात फोटोचं कार्ड.

"एजन्सीत नाव घालून चार वर्षं झाली," ते शशिधरला म्हणाले. "चार वर्षांत एक फोन नाही. मी बायकोला म्हणायचो, आपली मराठी माणसं इकडे भलतीच धडधाकट दिसतात. ती म्हणायची, तुमचं नाव कोणी बघतच नसेल. तुम्ही पेशंटचे कोण?"

"भाडेकरू."

"मग बाहेर बसा," असं म्हणून ते आत गेले.

गद्रे वर्गात शिकवल्यासारखे बोलत, त्यामुळे दार लावलेलं असूनही सगळं ऐकू येत होतं. थेरपिस्ट हळू विचारत होती, गद्रे मोठ्यांदा मराठीत सांगत होते, काकू त्याहून सावकाश उत्तर देत होत्या, आणि गद्रे एक अक्षर न गाळता ते इंग्रजीत पोचवत होते.

"आज वार कोणता, असं त्या विचारतायत."

"शुक्रवार. आज मासे देतात. वास येत नाही का तुम्हाला?"

गद्र्यांनी वासासकट भाषांतर केलं.

"हे चित्र कशाचं आहे?"

"किटलीचं. पण झाकण नाही हिला. अशी किटली दुकानात ठेवली तर खपणार नाही."

तेही गेलं. आतून कोणीतरी हसल्याचा आवाज आला. सियाने शशिधरचं मनगट धरलं.

"घरात धूर झाला तर तुम्ही काय कराल?"

बराच वेळ आवाज नाही. सियाची बोटं घट्ट झाली. शशिधर मनात म्हणत होता, काकू, बोला, काहीही बोला, नाहीतर गार्डन छान आहे.

"थांबा," काकू म्हणाल्या. "शब्द येतोय." आणखी शांतता. "गॅस बंद करीन. मग दार उघडीन. मग जिन्याखालून त्या शशिधरला हाका मारीन, कारण तो कानात यंत्र घालून गाणी ऐकतो आणि जग जळालं तरी त्याला पत्ता नसतो. मग बंबवाल्यांना नऊ नऊ नऊ लावीन. पण त्यांना सांगायचं काय, ते आता मला येत नाही. तेवढं एक कोणीतरी बघा."

गद्र्यांनी घसा खाकरला आणि शेवटचं वाक्य थोडं हळू आवाजात सांगितलं.

चार वाजता थेरपिस्ट बाहेर आली. तिच्या मते आकलन उत्तम होतं, निर्णयशक्ती उत्तम होती आणि विनोदबुद्धी चाचणीच्या कक्षेबाहेर होती. मीटिंग वीस मिनिटांत संपली. दिवसातून दोनदा मदतनीस, फोनजवळ एक लाल बटण, आणि घर. सियाने पिनरला वडिलांना, म्हणजे जयला, फोन लावला. जय पलीकडून दोनदा म्हणाला, "शुअर? आर यू शुअर?" आणि मग त्याच्या नाक ओढण्याचा आवाज आला.

काकू मंगळवारी घरी आल्या. गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून त्या डाव्या हाताने वाटाणे सोलत होत्या. मदतनीस मुलगी आत्ताच गेली होती. ती पोलंडची होती, काकूंशी पोलिश बोले, काकू तिच्याशी मराठी बोलत, आणि दोघींचं बरं चाललं होतं.

"ते गद्रे म्हणत होते," काकू म्हणाल्या, "मराठी म्हणे आत्तापर्यंत यादीतच नव्हती. म्हणून त्या पोराला माझ्या गळ्यात बांधलं. कोण करतं रे ही यादी?"

'एक टीम असते' हे वाक्य शशिधरच्या जिभेवर तयार होतं. त्याने ते गिळलं.

"मी करतो, काकू."

काकूंचा हात थांबला.

"एक जागा होती. मला म्हणाले, कोणतीही घाल. मी आपली घातली नाही. म्हटलं, आपणच आपली भाषा घालायची म्हणजे… बरं दिसत नाही."

"मग काय घातलंस?"

"वेल्श."

काकूंनी हा शब्द काही वेळ मनात घोळवला. मग समोरच्या भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता, त्याकडे पाहिलं. कमलाकरराव फोटोत सूट घालून कोणाची तरी क्षमा मागत असल्यासारखे उभे होते.

"एकाहत्तर साली," त्या म्हणाल्या, "इथल्या लायब्ररीवाल्यांनी ह्यांना बोलावलं होतं. आम्ही हिंदुस्थानी भाषांची पुस्तकं मागवणार, तुमची कोणती मागवू. हे म्हणाले, आमच्यासाठी उगाच त्रास घेऊ नका, आम्ही इंग्रजी वाचतो. घरी येऊन मला सांगितलं, छाती फुगवून. मी तेव्हा इंग्रजीत दुधाच्या बाटलीवरचं लेबल वाचत होते." त्यांनी एक शेंग मोडली. "चौतीस वर्षं त्या लायब्ररीत गुजराथी आहे, बंगाली आहे, उर्दू आहे. मी तिथे जाऊन मासिकातली चित्रं बघायची."

शशिधर उभाच होता. बसावं की नाही हे त्याला कळेना.

"काकू, माझं चुकलं."

"चुकलंच. अरे, दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. मला आयुष्यभर सज्जनच भेटले." त्यांनी वाटाण्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. "हात चालव. उजव्या हाताला जमत नाही माझ्या."

तो बसला आणि सोलू लागला. बाहेर बारीक पाऊस लागला होता.

"डिसेंबरात काय होईल तुझं?" थोड्या वेळाने काकूंनी विचारलं. शुक्रवारी वॉर्डाबाहेर बसल्या बसल्या तो सियाला कराराबद्दल बोलला होता, तिने ते त्यांना सांगितलेलं दिसत होतं.

"माहीत नाही. कदाचित परत पाठवतील."

"खोली मी लगेच कोणाला देणार नाही."

"नको, काकू, माझ्यासाठी उगाच…"

काकूंनी नुसतं पाहिलं.

"ठेवा," शशिधर म्हणाला. "मला हवी आहे."

"हां," काकू म्हणाल्या. "आणि ते दोरीवरचे कपडे काढ आधी."